‘अहो’ नावाचा फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या छातीत धडधड नको. गाडीत रडार डिटेक्टर बसवणं इथे इंग्लंडात गुन्हा नाही. जॅमर बसवणं गुन्हा आहे. पोलिसांचं यंत्र बिघडवतो तो जॅमर, आणि ते यंत्र कुठे आहे ते नुसतं ऐकतो तो डिटेक्टर. एक समोरच्याचं तोंड दाबतो, दुसरा आपला कान टवकारतो. मी सगळा धंदा कानांचा केला. तोंड दाबायला आलेल्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

तरी गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते असं, की जणू मी स्लाऊच्या मागच्या गल्लीत हातभट्टी लावली आहे. ब्रॅकनेलला मोठमोठ्या कंपन्यांत बसणारी, पुण्याकडची चांगली हुशार पोरं. तिकडे टीमच्या टीम हाकतात, पण माझ्या गराजच्या दारात आली की आवाज एकदम खाली.

“काकू, तुम्ही ते... बसवता ना?”

“काय ते?”

“तेच हो. ते... पुढचं कळतं ते.”

“पत्रिका?”

असं दोन मिनिटं खेळवलं की मग मी हसते आणि म्हणते, “बसवते. कुणाला दिसणार नाही, आणि मी कुणाला सांगणार नाही.” हे वाक्य ऐकलं की माणसाचे खांदे खाली येतात. डॉक्टरांचं ‘काही नाही, होईल बरं’ असतं ना, तसं माझं हे.

मी काही शिकलेली इंजिनियर नव्हे. कराडहून लग्न होऊन आले तेव्हा मला विजेचं एवढंच माहीत होतं, की बटण दाबलं की येते आणि न दाबताच जाते. इथे ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्यात गाड्यांचे रेडिओ बनत. तिथे लाइनवर बसून मी वर्षानुवर्षं वायरी जोडल्या. कारखाना बंद झाला त्या दिवशी आम्ही सगळ्या बायकांनी केक खाल्ला, गळ्यात पडून रडलो, आणि मी सुपरवायझरला विचारून माझं सोल्डरिंग आयर्न पिशवीत घालून घरी आणलं. मग शेजारच्या पंजाबी बाईच्या गाडीतला स्टीरिओ, मग तिच्या दिराचा अलार्म, मग रिव्हर्सचे कॅमेरे, डॅशकॅम आणि शेवटी हे डिटेक्टर. आमचे हे म्हणायचे, “बाकीच्या बायका हळदीकुंकवाला वाण देतात, तू फ्यूज दे.” मी एका संक्रांतीला खरंच दिले. प्रत्येकीला तिच्या गाडीचे, तिळगुळाबरोबर. पुढे तीन जणींचे फोन आले की तेच उपयोगी पडले म्हणून.

लोक विचारतात, बाईमाणूस, हे कसं जमतं? अहो, जमायला काय झालं? लपवायची कला आम्हाला उपजतच. साडीला पिन कुठे लावली ते दिसलं, तर ती पिन लावली असं म्हणतच नाहीत. वायरीचं तसंच. वायर नुसती दडवायची नसते, ती तिथे जन्मली असावी अशी बसवायची असते.

आता यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. गाडीच्या पुढच्या जाळीमागे साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवायची. पोलिसांच्या रडारच्या लहरी तिला लांबून ऐकू येतात. पण एकट्या डबीवर भरवसा ठेवायचा नाही, ती बिचारी भाबडी असते. सुपरमार्केटचे आपोआप उघडणारे दरवाजे असतात ना, त्यांनाही तसलंच रडार असतं. हल्लीच्या नव्या गाड्यांच्या पोटातही असतं. एका गिऱ्हाइकाची स्वस्तातली डबी दर शनिवारी किराण्याच्या दुकानाबाहेर किंचाळायची. तो म्हणाला, “काकू, इथे पोलीस लपलेत.” मी म्हटलं, “अरे, इथे बटाटे लपलेत.” शिवाय मोटरवेवरचे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे काहीच लहरी सोडत नाहीत, नंबरप्लेट वाचतात आणि गप्प बसतात. म्हणून मी फोनला जोडलेलंच यंत्र निवडायला सांगते. कॅमेरे कुठे कुठे आहेत त्याची यादी फोनमधल्या ॲपमध्ये असते, डबी आपली ऐकते, आणि दोघांपैकी एकालाही कॅमेऱ्याची चाहूल लागली की फोन दुकानांचे दरवाजे गाळून बोलतो. तोही गाडी लिमिटच्या वर असेल तरच. लिमिटमध्ये असलात तर गप्प. म्हणजे कसं, कुणी उगाच टोकत नाही.

आणि लेझर बंदुकीपुढे यातलं काहीही चालत नाही. यंत्र ओरडेपर्यंत तुमचा वेग लिहून झालेला असतो. हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. खरं औषध एकच, उजवा पाय उचला. पण हे औषध माझ्याकडे कुणी मागत नाही.

तर डॉक्टर नाडकर्णी. नाव बदललं आहे. नवराबायको दोघांनीही ‘लिहा, पण नाव बदला’ अशी परवानगी दिली, आणि ज्यांना ओळखायचं ते तरी ओळखणारच. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर. हॉस्पिटलमधून रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, तेव्हाची सवय उजव्या पायात राहिली. कोथिंबीर आणायला निघाले तरी पेशंट टेबलावर आहे असंच वाटतं त्यांना. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आणि गाडीत शेजारी बसणाऱ्याची झोप उडवली.

ते माझ्याकडे आले आणि गराजचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

“कुंदाताई, लायसन्सवर पॉइंट्स झालेत.”

“किती?”

“सहा.”

मी नुसती बघत राहिले. चहा ओतला. पुन्हा बघितलं.

“घरी सहा,” डॉक्टर म्हणाले.

“आणि खरे?”

“नऊ.”

इथे नसणाऱ्यांसाठी सांगते, बारा झाले की लायसन्स गेलं, निदान सहा महिने. आणि वेगाच्या एका चुकीला तीन मिळतात. म्हणजे डॉक्टर अगदी कड्याच्या टोकावर उभे होते. मार्च आला की जुने तीन गळून पडणार होते, आणि आता होता ऑक्टोबर. तेवढे महिने निभावायचे होते. त्यांची लेक स्टॅनमोरला, लंडनच्या उत्तर भागात. दर गुरुवारी डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस सुनंदाताई नातीला शाळेतून आणायला स्लाऊहून जात. इरा नऊ वर्षांची. गुरुवारी आई उशिरा येते म्हणून आजी-आजोबा तिला घरी आणतात, वरणभात खाऊ घालतात, शुद्धलेखन घेतात. सुनंदाताई गाडी चालवत नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना ट्रेन, ट्यूब आणि बस असं तीन ठिकाणी चढणं-उतरणं झेपत नाही. लायसन्स गेलं की गुरुवार गेला.

“सुनंदाला शेवटच्या तीनचं माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तिने सांगितलंय, आता एक जरी पत्र आलं तरी किल्ल्या जावयाकडे. पत्र मी लपवलंय. पण गाडीत असलं यंत्र दिसलं तर तिला लगेच कळेल की काहीतरी आहे. आवाज नको, दिवा नको, काही म्हणजे काही नको.”

“मग तुम्हाला तरी कळणार कसं?”

असं म्हणता म्हणता माझी नजर त्यांच्या कानावर गेली. डॉक्टरांना ऐकायला कमी येतं. लेकीने त्यांना नव्या पद्धतीची श्रवणयंत्रं घेऊन दिली होती, फोनला जोडलेली. फोन आला की थेट कानात वाजतो, शेजारच्याला ढिम्म कळत नाही.

“डॉक्टर!” मी ओरडलेच. “स्पीकर तर तुमच्या कानात आहे!”

काय आनंद झाला म्हणून सांगू! डबी जाळीमागे, ॲप फोनमध्ये, आवाज थेट कानात. शेजारी बायको बसलेली, आणि तिला पत्ता नाही. इतकं गुपचूप काम मी जन्मात केलं नव्हतं. त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं विसरले.

“कुणाला सांगणार नाही ना?” डॉक्टरांनी जाताना विचारलं.

“डॉक्टर, मी कुणाला सांगणार नाही.”

मंगळवारी सकाळी सुनंदाताई योगाला जातात, फोन घरीच ठेवून, जाऊन-येऊन दीड तास. मी त्यांच्या ड्राइव्हवेवर पोचले. गाडी चंदेरी रंगाची, आणि पुढची काच गरम होणारी. म्हणजे काचेत केसासारख्या बारीक तारा. तसल्या काचेआडून डबीला धड ऐकू येत नाही, म्हणून ती बाहेर जाळीमागेच, पुढे फक्त प्लास्टिक येईल अशी बसवली. रबरी बुचातून वायर आत घेतली, एअरबॅगच्या वाटेतून लांब ठेवली (ही गोष्ट कुणी हलक्यात घेऊ नका, एअरबॅगसमोर वायर म्हणजे उद्या तीच वायर तोंडावर), फ्यूजच्या डब्यातून वीज घेतली, पट्ट्या परत दाबून बसवल्या. तासाभरात काम झालं. मी स्वतः शोधायला बसले तर मलाच सापडेना.

मग म्हटलं, “आता फोन द्या.”

डॉक्टर घरात जाऊन फोन घेऊन आले. नवराबायकोचे दोन्ही फोन लेकीने एकदमच घेतलेले, एकाच मेकचे, काळ्या कव्हरचे, दिवाणखान्यातल्या एकाच टेबलावर चार्ज होतात. पासवर्डही एकच, इराचा वाढदिवस. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खात्री करायला सेटिंग्जमध्ये फोनचं नाव बघितलं. नाव होतं ‘अहो’.

मला इतकं गोड वाटलं! आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही वर ‘आमचे हे’ लिहिलंय बघा, तुमच्या लक्षातही आलं नसेल. सुनंदाताई डॉक्टरांना ‘अहो’ म्हणतात, म्हणून नातीने आजोबांच्या फोनचं नावच ‘अहो’ ठेवलंय. म्हटलं, वा गं पोरी. ॲप टाकलं, डबी जोडली, चाचणीचं बटण दाबलं. फोनमधली बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, पुढे स्पीड कॅमेरा आहे.

आता फक्त कानातली चाचणी राहिली होती. माझा नियम आहे, शेवटची चाचणी झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही. आणि नेमकं तेव्हाच सुनंदाताईंना सोडायला त्यांच्या मैत्रिणीची गाडी कोपऱ्यावर वळली. योगाची बाई आजारी, क्लास लवकर सुटला. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन ओढला आणि घरात पळाले. मी बॉनेट उघडून आत वाकले.

“अगं कुंदा! तू इकडे कशी?”

“वायपरचं पाणी भरायला आले.”

“त्याला एवढी हत्यारं?”

“जुनं पाणी निघत नव्हतं,” मी म्हटलं. आता जुनं पाणी निघत नव्हतं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी सुनंदाताईंचा फोन.

“कुंदा, काल मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो होतो, तर माझी पर्स बोलली.”

“पर्स?”

“पर्स. इंग्रजीत. पुढे स्पीड कॅमेरा आहे म्हणाली. ह्यांना काही ऐकू आलं नाही, रेडिओ लावला होता मोठ्यांदा. मी आपली सवयीने म्हटलं, अहो, हळू. आणि खरंच कॅमेरा आला! परत पाच मिनिटांनी तेच. मग फोन काढून बघते, तर त्यात हे ॲप. वायपरचं पाणी ना गं?”

मी शपथेवर सांगते, त्या फोनवर ‘अहो’ असंच लिहिलं होतं. पण डॉक्टरांना दिलेला शब्द आठवून मी गप्प बसले. मी गप्प बसते हेच मुळी कबुली देण्यासारखं असतं.

“मला माहिती आहे सगळं,” सुनंदाताई म्हणाल्या. “नऊ आहेत. पत्र भूलशास्त्राच्या जाड पुस्तकात ठेवलंय. पुस्तक कधी उघडत नाहीत, म्हणून ते एकदम पुढे आलेलं दिसलं. मी बोलले नाही. म्हटलं, माणूस लपवतोय म्हणजे लाज वाटतेय, लाज वाटतेय म्हणजे आशा आहे.”

“सुनंदाताई, माझी चूक झाली. मी येते आणि नीट करून देते.”

“खबरदार! अगं, लग्न झाल्यापासून मी ‘अहो, हळू’ म्हणते आणि हे म्हणतात, तुला काय कळतं. आणि काल दोन वेळा मी म्हटलं आणि दोन्ही वेळा कॅमेरा आला. तिसऱ्या वेळी मी नुसतं ‘अहो’ म्हटलं, तर ब्रेकच दाबला! माझ्याकडे असं बघितलं, की जणू मला सिद्धी प्राप्त झाली आहे. आता आवाज बंद करून नुसतं थरथरण्यावर ठेवलंय. पर्स मांडीवर. तू कुणाला सांगू नकोस.”

“पण तुम्ही गाडीत नसताना? तेव्हा त्यांना काहीच कळणार नाही.”

“मी नसते कधी? दोघंच तर असतो.”

आणि मी म्हणाले, “बरं. मी कुणाला सांगणार नाही.” एकाच गाडीची दोन गुपितं, दोन्ही माझ्याकडे. इथे माझं चुकलं. कारागिराने अर्धवट काम तसंच राहू द्यायचं नसतं, गिऱ्हाईक कितीही खूश असो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर भेटले, चेहरा फुललेला.

“कुंदाताई, यंत्र अप्रतिम! तुम्ही म्हणाला होतात ना, लिमिटमध्ये असलो तर बोलत नाही? एकदाही बोललं नाही! म्हणजे मी सुधारलो.” मग आजूबाजूला बघून हळूच, “एक विचारू? मी सायन्सचा माणूस आहे. पण सुनंदाला... कॅमेरे आधी दिसायला लागलेत.”

“योगा,” मी म्हटलं.

असे चार-पाच गुरुवार मजेत गेले. मग एका गुरुवारी दुपारी माझा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणत होतं, “उंआ... उंआ...”

मला वाटलं लहान मूल आहे. फोनवर नाव बघितलं तर सुनंदाताई! दाढ काढायला डेंटिस्टकडे गेल्या होत्या, अर्धं तोंड बधिर. भूलतज्ज्ञाची बायको, आणि भुलीनेच घात केला. पाच मिनिटांनी मला उलगडलं ते असं. दाढेला वेळ लागला. डॉक्टर त्यांना क्लिनिकवर सोडून एकटेच स्टॅनमोरला निघाले होते, शाळा सुटायची वेळ चुकू नये म्हणून. फोन सुनंदाताईंच्या पर्समध्ये. डॉक्टरांच्या कानात काही म्हणजे काही वाजणार नव्हतं. आणि त्यांना वाटत होतं, वाजत नाही म्हणजे आपण बरोबर आहोत.

“फोन करा त्यांना!” मी म्हणाले, आणि माझीच जीभ चावली. गाडी चालवताना फोन हातात घेतलेला दिसला तर सहा पॉइंट्स. आणि डॉक्टर फोन आला की हातात घेतातच, जुनी सवय. म्हणजे तीन वाचवायला जाऊन सहा पदरात पडायचे.

मी व्हॅन काढली, सुनंदाताईंना क्लिनिकच्या दारातून उचललं, आणि आम्ही दोघी निघालो डॉक्टरांच्या पाठलागावर. पाठलाग म्हणजे काय, माझं लायसन्स कोरं आहे आणि ते मला कोरंच ठेवायचं होतं. तीस मैलांच्या रस्त्यावर तीस, चाळीसच्या रस्त्यावर चाळीस, एक काटा वर नाही. शेजारी सुनंदाताई, गालाला रुमाल, डोक्यावरची टोपी वाकडी झालेली.

“आओ, आओ!” त्या ओरडत होत्या.

“कुणाला ‘या’ म्हणताय?”

“आ-ओ! अं... जाओ!”

“जातेय ना! पुढे कॅमेरा आहे!”

माझ्या व्हॅनमध्ये माझं यंत्र, ते माझ्यासाठी बोलत होतं. अक्सब्रिज गेलं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पिवळ्या डब्याशी सुनंदाताई डोळे मिटायच्या, जणू डॉक्टरांचा फोटो नुकताच तिथे निघाला आहे. आणि मला हसू आवरेना. दोन म्हाताऱ्या, एक अर्ध्या तोंडाची, कायद्यात राहून सुसाट निघालेल्या. सुनंदाताईही हसायला लागल्या, पण हसू एकाच बाजूने येत होतं, ते बघून मी आणखी हसत होते.

हॅच एंडच्या अलीकडे पुढे गाड्यांची रांग लागली. रांग मुंगीसारखी सरकत होती. लोक हॉर्न मारत होते, आणि या देशात हॉर्न म्हणजे गोष्ट हातघाईवर आली असं समजायचं. एक बस, तिच्यापुढे दहा-बारा गाड्या. मला वाटलं अपघात. एक सायकलवाला सगळ्या रांगेला मागे टाकून आरामात निघून गेला.

“रस्त्याचं काम असेल,” मी म्हणते आहे तोवर रस्त्याला वळण आलं आणि रांगेचं तोंड दिसलं.

चंदेरी गाडी.

आमचे वाऱ्यासारखे डॉक्टर नाडकर्णी तीसच्या रस्त्यावरून वीसनेही चालले नव्हते! स्टीअरिंगला दोन्ही हातांनी धरून, नाक काचेला लावून, लक्ष्मीपूजनाला पणती घेऊन चालावं तसे चालले होते.

पुढे एक मोकळी जागा बघून त्यांनीच गाडी बाजूला घेतली, लोकांना जाऊ द्यायला. मी मागे व्हॅन लावली आणि आम्ही दोघी उतरलो. डॉक्टरांनी काच खाली केली.

“कुंदाताई? सुनंदा? तुम्ही दोघी इथे?”

सुनंदाताईंना खूप काही बोलायचं होतं. इतक्या महिन्यांचं. पण तोंडातून एवढंच आलं, “अओ!”

आणि डॉक्टरांनी खाडकन ब्रेक दाबला. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, तरी!

आम्ही तिघं इतके हसलो की एक माणूस मदत हवी का विचारायला थांबला. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, “अगं, तू शेजारी नव्हतीस. कुंदाताईंचं यंत्रही बोलेना. तसं ते कधीच बोलत नाही, तूच बोलतेस. मग आज कॅमेरा कुठे आहे ते मला कोण सांगणार? म्हटलं, सगळीकडेच आहे असं समजू.” मग खाली मान घालून, “सुनंदा, सहा नाहीत. नऊ आहेत.”

सुनंदाताईंनी बधिर तोंडाने शक्य तेवढं स्पष्ट म्हटलं, “उस्तकात.”

“काय?”

“भूलशास्त्राच्या पुस्तकात,” मी सांगितलं. तेवढं एक गुपित मी फोडलं. ते तसं फुटलेलंच होतं.

शाळेशी पोचलो तेव्हा दारात फक्त इरा उरली होती, हातात दप्तर, कपाळाला आठी. मला एक गोष्ट चैन पडू देत नव्हती. मी तिला बाजूला घेतलं.

“इरा, आजोबांच्या फोनचं नाव तूच ठेवलंस ना? ‘अहो’?”

“नो, कुंदा आजी.” पोरीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला साधा हिशोबही येत नाही. “‘अहो’ आजीचा फोन आहे. कारण आजी अहो बोलते. आजोबाचा फोन ‘अगं’ आहे. कारण आजोबा अगं बोलतो.”

मी फुटपाथवर बसलेच. बरोबरच होतं तिचं! जी म्यांव म्हणते ती म्यांव, जो भू-भू म्हणतो तो भू-भू. आपण नाव ठेवतो ते ज्याला हाक मारतात त्याचं, पोरीने ठेवलं ते जो हाक मारतो त्याचं. कराडहून आलेल्या बाईच्या डोक्यात हे शंभर वर्षांत आलं नसतं.

लेकीच्या घरी चहा घेताना मी म्हटलं, “डॉक्टर, पाच मिनिटांचं काम आहे. ॲप तुमच्या ‘अगं’वर घालून देते. चाचणी करून, कानात.”

डॉक्टरांनी सुनंदाताईंकडे बघितलं. त्यांचं तोंड आता जरा जरा सुटायला लागलं होतं. “राहू दे तिच्याच फोनमध्ये,” डॉक्टर म्हणाले.

“आणि त्या नसल्या म्हणजे?”

“नसली की मी कसा चालवतो ते बघितलंत ना?”

मार्च आला, तीन पॉइंट्स गळाले, एकही गुरुवार बुडाला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक, कुणालाही न सापडणारं फिटिंग अजून त्या गाडीत आहे, आणि ते चाललं ते चुकीच्या फोनमुळे. कारागीर म्हणून थोडं टोचतं. बायको म्हणून मुळीच नाही.

त्या संध्याकाळी इराने माझाही फोन मागून घेतला होता. “कुंदा आजी, तू काय बोलते नेहमी?” तिने विचारलं. मी काही सांगायच्या आत डॉक्टर आणि सुनंदाताई दोघांनी एकदम सांगितलं, आणि पोरीने टाइप केलं. मला ते बदलता येतं, पण बदललं नाही. त्यामुळे हल्ली एखादं गिऱ्हाईक मान खाली घालून, दबक्या आवाजात माझ्याकडे येतं, मी त्याच्या गाडीत बसून माझा फोन चाचणीसाठी जोडते, आणि त्याच्या डॅशबोर्डच्या मोठ्या स्क्रीनवर माझ्या फोनचं नाव लखलखीत उमटतं:

‘मी कुणाला सांगणार नाही’.

त्याचे खांदे खाली येतात. आता हे सगळं ज्यात सांगून बसले तो हा दिवाळी अंक गिऱ्हाइकांच्या हातात पडेपर्यंतच काय ते.